पहिला गोल होण्याआधीच माणसं हाकलली जात होती

फुटबॉलच्या मॅचवरून दोन देशांत युद्ध झालं होतं, ही गोष्ट दर वर्ल्ड कपच्या वेळी मोबाईलवर फिरते. खाली हसणारे चेहरे, 'काय येडे लोक आहेत' अशा कमेंटी. गोष्ट खरी आहे का? अर्धी आहे. १९६९ साली मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर आणि होंडुरास या शेजाऱ्यांत युद्ध झालं, जेमतेम शंभर तास चाललं. त्याच्या आदल्या महिन्यात याच दोघांत वर्ल्ड कपच्या पात्रतेचे तीन सामने झाले होते आणि त्यात भरपूर हाणामारी झाली होती. इथपर्यंत सगळं खरं. पण मॅचवरून युद्ध झालं हे खरं नाही. आणि मॅचचा काही संबंधच नव्हता, सगळं जमिनीचं राजकारण होतं, असं जे शहाणे लोक सांगतात, तेही मला पूर्ण पटत नाही.

वीसेक वर्षं तालुक्याच्या ठिकाणी बातम्या लिहितोय. हेडिंग पाडणं हा रोजचा धंदा. त्या नजरेने बघितलं तर 'फुटबॉल युद्ध' हे हेडिंग फक्कड आहे. दोनच शब्द, एकदा वाचलं की डोक्यातून जात नाही. फक्त त्यात तीन लाख माणसं कुठे दिसत नाहीत. त्यांच्यासाठी हे लिहितोय. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

आधी नकाशा बघा. एल साल्वादोर म्हणजे साधारण २१ हजार चौरस किलोमीटरचा देश. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षा थोडा मोठा, एवढाच. शेजारचा होंडुरास १ लाख १२ हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे पाचपटीहून जास्त. आणि लोकसंख्या उलटी. १९६९ च्या सुमारास छोट्या साल्वादोरमध्ये पस्तीस लाखांच्या आसपास माणसं, मोठ्या होंडुरासमध्ये पंचवीस लाखांच्या आसपास. एवढं वाचलं की आपण लगेच म्हणतो, हं, कळलं, जागा कमी, माणसं जास्त, म्हणून तिकडे घुसली.

इथेच थांबायला पाहिजे. विल्यम डरहॅम नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९७९ मध्ये या युद्धामागच्या जमिनीच्या प्रश्नावर आख्खं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की नुसती माणसं वाढली म्हणून जमीन कमी पडली नाही, जमीन मोजक्या लोकांच्या हातात गेली म्हणून बाकीच्यांना कमी पडली. साल्वादोरमध्ये गावांच्या सामायिक जमिनी होत्या. १८८१-८२ च्या कायद्यांनी त्या मोडीत काढल्या, कारण कॉफीला भाव आला होता आणि कॉफी लावायला जमीन हवी होती. पुढे तिथल्या श्रीमंतांना 'चौदा घराणी' असंच नाव पडलं. घराणी मोजून चौदाच होती असं नाही, पण देश कुणाचा ते लोकांना कळत होतं. १९३२ च्या जानेवारीत पश्चिम भागातले शेतमजूर उठले, तर जनरल मार्तिनेसच्या सरकारने काही आठवड्यांत किमान दहा हजार माणसं मारली. काही अंदाज याच्या तिपटीपर्यंत जातात. तिकडे या प्रकाराला एकच शब्द आहे, 'मातान्सा'. कत्तल. त्यानंतर साल्वादोरच्या खेड्यात जमिनीचा विषय कुणी मोठ्याने काढत नव्हतं. गप्प बसायचं, नाहीतर सीमेपलीकडे जायचं.

लोक गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच जात होते. होंडुरासच्या उत्तर किनाऱ्यावर अमेरिकन कंपन्यांचे केळीचे मळे होते, युनायटेड फ्रूट आणि स्टँडर्ड फ्रूट. त्यांना मजूर हवे होते. साल्वादोरचा माणूस कामाला वाघ, असा लौकिक होता. काही मळ्यांवर राहिले, काहींनी आत जाऊन पडीक सरकारी जमीन तोडली, मका पेरला, झोपडी बांधली. तिथल्याच बायका केल्या, पोरं झाली, ती पोरं होंडुरासच्या शाळेत गेली. १९६९ पर्यंत अशी सुमारे तीन लाख माणसं होंडुरासमध्ये होती. तिथल्या शेतकरी लोकसंख्येचा जवळपास पाचवा हिस्सा. आपल्या भाषेत सांगायचं तर सातबाऱ्यावर नाव नाही, पण तीस-तीस वर्षं कसतोय तोच.

आता होंडुरासमध्ये काय चाललं होतं? तिथेही जमिनीची बोंब होतीच. देश मोठा, पण चांगली जमीन केळीच्या कंपन्या आणि मोठे गुरंवाले यांच्याकडे. मांस आणि कापसाची निर्यात वाढली तशी या मोठ्या लोकांनी सरकारी आणि गावकीच्या जमिनींना तारा मारायला सुरुवात केली. शेतकरी संघटना उभ्या राहिल्या, जमिनींवर ताबे घ्यायला लागल्या. १९६२ मध्ये व्हिलेदा मोरालेस या निवडून आलेल्या अध्यक्षाच्या काळात जमीन सुधारणा कायदा आला. १९६३ मध्ये लष्कराने त्याला उचलून देशाबाहेर टाकलं आणि ओस्वाल्दो लोपेस आरेयानो हा हवाई दलाचा अधिकारी सत्तेवर बसला. कायदा कागदावर राहिला. पण १९६८-६९ पर्यंत संप, मोर्चे, जमिनीचे ताबे एवढे वाढले की काहीतरी करून दाखवणं भाग पडलं.

जमीन वाटायची, पण कुणाची? केळीच्या कंपन्यांची काढता येत नाही, त्या अमेरिकेच्या. मोठ्या गुरंवाल्यांची काढता येत नाही, तेच सरकारचे पाठीराखे. १९६६ मध्ये या बड्या जमीनदारांनी स्वतःची संघटना काढली होती, फेनाग नावाची. ती एकच गोष्ट लावून धरत होती: हे ताबे-बिबे घेणारे आपले लोक नाहीतच, ते साल्वादोरचे आहेत. कायद्यात एक कलम आयतं होतं, जमीन सुधारणेचा लाभ फक्त जन्माने होंडुरन असलेल्यालाच. ते कलम सात वर्षं कुणाला आठवलं नव्हतं. १९६९ च्या एप्रिलमध्ये आठवलं. जन्माचा दाखला नसलेल्यांना जमिनीवरून उठवणार, असं सरकारने जाहीर केलं. दोन देशांत ये-जा करणाऱ्यांबाबत एक करार होता, त्याची मुदत त्याच वर्षी जानेवारीत संपली होती. तो पुन्हा केला नाही.

डाव सोपा होता. गरीब होंडुरन शेतकऱ्याला जमीन द्यायची, आणि ती गरीब साल्वादोरी शेतकऱ्याकडून घ्यायची. वरच्या माणसाच्या एका एकरालाही धक्का नाही.

तारखा नीट लक्षात ठेवा, सगळं त्यात आहे. मे महिना संपेपर्यंत बेदखल झालेली कुटुंबं गाठोडी घेऊन सीमेकडे निघाली होती. पहिला फुटबॉल सामना झाला ८ जूनला.

आता फुटबॉल. १९७० चा वर्ल्ड कप मेक्सिकोत होता. यजमान म्हणून मेक्सिको थेट आत, त्यामुळे त्या भागातल्या बाकीच्यांना एकदाच काय ती संधी होती. एरवी मेक्सिकोसमोर यांचं काही चालायचं नाही. साल्वादोर आणि होंडुरास दोघेही तोवर कधीच वर्ल्ड कपला गेले नव्हते. उपांत्य फेरीत दोघांची गाठ पडली. एक सामना इकडे, एक तिकडे. गोलफरक धरायचा नाही, दोघांनी एकेक जिंकला तर तिसरा सामना तिसऱ्याच देशात.

८ जून, तेगुसिगाल्पा, होंडुरासची राजधानी. आदल्या रात्री साल्वादोरच्या खेळाडूंच्या हॉटेलभोवती गर्दी जमली. गाड्यांचे हॉर्न, फटाके, पत्रे बडवणं, काचांवर दगड. पोरांना झोप मिळू द्यायची नाही, एवढाच कार्यक्रम. दुसऱ्या दिवशी होंडुरासने शेवटच्या क्षणी गोल करून १-० ने सामना घेतला.

या पराभवानंतर साल्वादोरमध्ये एका तरुण मुलीने जीव दिला आणि तिच्या अंत्ययात्रेत राष्ट्राध्यक्ष चालले, अशी एक गोष्ट तुम्ही वाचली असेल. ती रिषार्द कापुश्चिन्स्की या पोलिश पत्रकाराच्या 'फुटबॉल युद्ध' या पुस्तकातून जगभर गेली. माणूस लिहिणारा जबरदस्त. युद्धाच्या वेळी तेगुसिगाल्पात होता, सीमेवर गेला, जीव धोक्यात घातला. पण तपशिलाच्या बाबतीत त्याचा हात थोडा सैल होता, हे पुढे त्याच्याच देशातल्या चरित्रकाराने लिहून ठेवलं आहे. त्यामुळे ही मुलगी मी माझ्या युक्तिवादात घेत नाही. तिच्याशिवायही पुरेसं आहे.

१५ जून, सान साल्वादोर. आता उट्टं काढायची पाळी यांची. हॉटेलच्या काचा फुटल्या. सडकी अंडी, मेलेले उंदीर आत फेकले. होंडुरासच्या खेळाडूंना मैदानावर न्यायला चिलखती गाड्या लागल्या. होंडुरासचा ध्वज जाळला आणि त्याच्या जागी मळका फडका चढवला, असं कापुश्चिन्स्की लिहितो. साल्वादोर ३-० ने जिंकलं. त्या दिवशी होंडुरासच्या खेळाडूंचं डोकं खेळात नव्हतं, परत घरी जायला मिळतंय का यात होतं. हरलो हे आमचं नशीबच, अशा अर्थाचं काहीतरी त्यांचा प्रशिक्षक नंतर बोलल्याची नोंद आहे. खेळाडू चिलखती गाडीतून विमानतळावर पोचले. सीमेपलीकडून गाड्या घेऊन आलेल्या प्रेक्षकांना चिलखत कुठलं? त्यांना परतीच्या रस्त्यावर बदडलं. दोघे मेल्याचं सांगितलं जातं.

इथून पुढचे दहा-बारा दिवस मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. मार खाल्लेले प्रेक्षक परत गेले, आणि त्यांच्याबरोबर गोष्टी गेल्या. त्यातल्या काही खऱ्या, काही वाटेत वाढलेल्या. होंडुरासचे रेडिओ आणि पेपर तापलेले होतेच, गेले काही महिने 'नोकऱ्या यांनीच खाल्ल्या, मजुरीचे दर यांनीच पाडले' हे चाललेलं होतं. आता त्याला रक्त मिळालं. तेगुसिगाल्पा आणि सान पेद्रो सुलामध्ये साल्वादोरी माणसांची दुकानं फुटली, घरं जळली, माणसं मारली गेली. 'मांचा ब्रावा' नावाची टोळी होती, सरकारी आशीर्वाद असलेली. ती गावोगाव फिरून साल्वादोरी कुटुंबांना उठवत होती. लाकूड उचल आणि साल्वादोरी मार, अशा अर्थाची यमक जुळवलेली एक घोषणा त्या काळात फिरत होती, ती आजही तिकडच्या लोकांना पाठ आहे. यमक जुळलं की लोक अर्थाचा विचार करत नाहीत, हा माझा या धंद्यातला अनुभव.

आणि साल्वादोरचे पेपर? तेही कमी नव्हते. सीमेवरून रोज निर्वासित येत होते. त्यांच्या अंगावरच्या जखमा खऱ्या होत्या, बायकांवरच्या अत्याचारांच्या हकिगती होत्या. पण त्या हकिगती छापताना 'होंडुरासमधले जमीनदार' किंवा 'त्यांचं लष्करी सरकार' असं कुणी लिहीना. 'होंडुरन' असं लिहिलं जाई. आळशी होंडुरन, मागासलेला होंडुरन, रानटी होंडुरन. साल्वादोरच्या लोकांना स्वतःच्या मेहनतीपणाचा भारी अभिमान, शेजारी म्हणजे सुस्त, केळी खाऊन झोपणारा, ही जुनी समजूत. होंडुरासवाल्यांची समजूत उलटी, हा साल्वादोरी म्हणजे घुसखोर, भांडखोर, चाकू काढणारा, पाय ठेवायला जागा दिली की घर बळकावणारा. मजा बघा, दोघेही स्पॅनिश बोलणारे, दोघेही कॅथलिक, रंगरूप एक, जेवण एक. रस्त्यात उभं केलं तर परक्या माणसाला फरक सांगता येणार नाही.

स्टेडियममध्ये मात्र फरक सांगता येतो. एक बाजू निळ्या-पांढऱ्या झेंड्यांची, दुसरी बाजूही निळ्या-पांढऱ्याच झेंड्यांची. हेही खरंच आहे, दोघांचे झेंडे जवळपास सारखे, कारण १८२० च्या दशकात हे सगळे एकाच मध्य अमेरिकन संघराज्याचे भाग होते.

माझं म्हणणं आता सांगतो. जमिनीवरून उठवण्याचं काम सरकारी होतं. नोटिसा होत्या, अधिकारी होते, कलम होतं. त्यात शहरातल्या सामान्य माणसाचा काही संबंध नव्हता. तेगुसिगाल्पातला शिंपी, बस कंडक्टर, कॉलेजचा पोरगा, त्याला कुठल्या तरी डोंगरातल्या साल्वादोरी शेतकऱ्याशी काय घेणंदेणं? ते घेणंदेणं फुटबॉलने लावून दिलं. ज्या माणसाने आयुष्यात नांगर धरला नाही त्यालासुद्धा १५ जूननंतर वाटलं की माझा अपमान झाला, आणि अपमान करणारा माझ्याच गल्लीत दुकान टाकून बसलाय. सरकारला जे काम शिपाई लावून वर्षभरात करता आलं नसतं, ते गर्दीने फुकटात आठवड्यात केलं. म्हणून 'फुटबॉलचा काही संबंध नव्हता' असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

होंडुरासमधल्या सगळ्यांनी हात धुऊन घेतले असंही नाही. अनेक साल्वादोरी कुटुंबांना होंडुरन शेजाऱ्यांनीच लपवलं. तिथल्या शेतकरी संघटनांत दोन्हीकडची माणसं एकत्र होती, एकाच जमीनदाराच्या तारा तोडत होती. म्हणूनच तर ती मोडायची होती.

२६ जूनला साल्वादोरने होंडुरासशी राजनैतिक संबंध तोडले. सान साल्वादोरमधल्या सामन्यानंतरच्या दहा दिवसांत ११,७०० साल्वादोरींना पळून यावं लागलं, असं त्या सरकारने तेव्हा जाहीर केलं. आणि दुसऱ्याच दिवशी, २७ जूनला, मेक्सिको सिटीच्या अस्तेका स्टेडियमवर तिसरा सामना. कापुश्चिन्स्की सांगतो की दोन्ही देशांचे प्रेक्षक दोन बाजूंना बसवले आणि मधे पाच हजार मेक्सिकन पोलीस दांडकी घेऊन. नव्वद मिनिटांनंतर २-२. जादा वेळेत १०१ व्या मिनिटाला मौरिसिओ 'पिपो' रोद्रिगेस याने गोल केला. साल्वादोर ३-२. या पिपोने म्हातारपणी मुलाखती दिल्या आहेत. त्या गोलचा अभिमान आहे म्हणतो, खेळाडूंमध्ये वैर नव्हतं म्हणतो, आणि राजकारण्यांनी आमचा विजय त्यांच्या कामाला लावला हेही म्हणतो. मला तो माणूस आवडला. गोलबद्दल माफी मागत नाही, आणि का मागावी?

१४ जुलैच्या संध्याकाळी साल्वादोरच्या विमानांनी तेगुसिगाल्पाच्या तोंकोन्तिन विमानतळावर बॉम्ब टाकले आणि फौजा सीमा ओलांडून दोन बाजूंनी आत शिरल्या. म्हणजे शेवटच्या सामन्यानंतर सतरा दिवसांनी. आपल्या लोकांचं रक्षण करायला जातोय, असं अध्यक्ष फिदेल सांचेस एर्नांदेस यांचं म्हणणं. आता हे आपले लोक जेव्हा उपाशी होते तेव्हा त्यांना एक एकर द्यायला कुणी तयार नव्हतं. आणि त्यांनी परत येऊ नये ही साल्वादोरच्या बड्यांची खरी काळजी होती. तीन लाख भूमिहीन एकदम घरी आले तर १९३२ पुन्हा होईल, ही भीती.

युद्धाचं वर्णन फार करत नाही. विमानं दुसऱ्या महायुद्धातली, पंख्याची, मस्टँग आणि कोर्सेअर. पंख्याच्या लढाऊ विमानांची आपसातली ही जगातली शेवटची हवाई लढाई मानतात. होंडुरासच्या फेर्नांदो सोतो नावाच्या वैमानिकाने १७ जुलैला तीन विमानं पाडली, त्याचं विमान तिकडे संग्रहालयात जपलं आहे. साल्वादोरकडे बॉम्बफेकी विमानं नव्हती, तर प्रवासी विमानांतून माणसांनी हाताने बॉम्ब ढकलले. जमिनीवर साल्वादोरच्या सैन्याने नुएवा ओकोतेपेके हे सीमेवरचं गाव घेतलं, लुटलं. हवेत होंडुरास भारी पडला, त्याने साल्वादोरचे तेलाचे साठे पेटवले. १८ जुलैला अमेरिकन राष्ट्रांच्या संघटनेने युद्धबंदी करायला लावली, ती २० जुलैला पूर्ण लागू झाली. त्याच दिवशी माणूस चंद्रावर उतरला. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात नुएवा ओकोतेपेकेला किती जागा मिळाली असेल, हे वेगळं सांगायला नको. आर्थिक निर्बंधांची धमकी आल्यावर ऑगस्टच्या सुरुवातीला साल्वादोरने सैन्य मागे घेतलं.

मेले किती? दोन ते तीन हजारांच्या आसपास, बहुतेक होंडुरासचे साधे खेडूत. हाकलले किती? ६० हजारांपासून १ लाख ३० हजारांपर्यंत अंदाज आहेत. दोन्ही राजधान्यांत आपण जिंकलो म्हणून मिरवणुका निघाल्या.

फुटबॉलचं सांगायचं राहिलं. साल्वादोरने पुढे हैतीला तिसऱ्या, निर्णायक सामन्यात हरवलं आणि वर्ल्ड कप गाठला. तिथे बेल्जियमकडून ०-३, मेक्सिकोकडून ०-४, सोव्हिएत रशियाकडून ०-२. तीन सामने, नऊ गोल खाल्ले, केला एकही नाही.

आणि ज्यांना हाकललं त्यांचं? ते आपल्या देशात आले. त्यांच्यासाठी युद्ध केलं म्हणणाऱ्या देशात त्यांना जमीन नव्हतीच. काही शहराकडेच्या झोपडपट्ट्यांत गेले, काही कॉफीच्या मळ्यांवर हंगामी मजूर झाले. सीमा बंद, दोन्ही देशांचा व्यापार बंद, मध्य अमेरिकेची सामायिक बाजारपेठ मोडल्यात जमा. बाहेर जायची वाट बुजली, आतला जमिनीचा प्रश्न तसाच. दहा-अकरा वर्षांत साल्वादोरमध्ये यादवी पेटली, ती १९९२ पर्यंत चालली आणि तिने सुमारे ७५ हजार माणसं खाल्ली. सगळं ६९ मधून आलं असं मी म्हणत नाही, पण अभ्यासक हा धागा तिथूनच काढतात. होंडुरासच्या लोपेस आरेयानोचं काय झालं? केळी कंपनी युनायटेड ब्रँड्सने होंडुरासमध्ये साडेबारा लाख डॉलरची लाच दिल्याचं १९७५ मध्ये बाहेर आलं, त्यात त्याची खुर्ची गेली. परक्या लोकांपासून देश वाचवणारा माणूस.

१४ मे १९८० ला साल्वादोरच्या चालातेनांगो भागातले शेकडो खेडूत आपल्याच लष्कराच्या भीतीने सुंपूल नदी ओलांडून होंडुरासमध्ये जाऊ बघत होते. पलीकडच्या काठावर होंडुरासचे सैनिक उभे होते, त्यांनी येऊ दिलं नाही. अलीकडून साल्वादोरच्या सैन्याने गोळ्या घातल्या. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाने किमान ३०० मृत्यू नोंदवले, बायका-मुलांसकट. अकरा वर्षं कागदोपत्री शत्रू असलेल्या दोन सैन्यांचं त्या दिवशी एकमेकांशी व्यवस्थित जमलं. दोन देशांतला शांतता करार व्हायला अजून पाच महिने होते, तो झाला ३० ऑक्टोबर १९८० ला.

पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९८१ मध्ये, वर्ल्ड कपची पात्रता स्पर्धा तेगुसिगाल्पातच होती. होंडुरास आधीच पात्र झाला होता. शेवटच्या सामन्यात मेक्सिको होंडुरासला हरवता तर साल्वादोर बाहेर जात होतं. होंडुरासने मेक्सिकोला ०-० वर रोखलं आणि साल्वादोर स्पेनला गेलं. तिथे हंगेरीकडून १०-१ असा मार खाल्ला तो भाग वेगळा. तेव्हा त्यांचा प्रशिक्षक होता तोच, पिपो रोद्रिगेस. या ०-० ची गोष्ट मोबाईलवर मात्र कुणी फिरवत नाही.

सीमेचं भांडण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. ११ सप्टेंबर १९९२ ला निकाल लागला, वादातल्या तुकड्यांपैकी दोनतृतीयांशाच्या आसपास जमीन होंडुरासला मिळाली. त्या तुकड्यांत राहत होते मुख्यतः साल्वादोरी शेतकरी. एका सकाळी ते न हलता परदेशात गेले. त्यांच्या जमिनीचं आणि नागरिकत्वाचं काय करायचं, यावर दोन्ही सरकारांनी १९९८ च्या जानेवारीत करार केला. ज्याला जे नागरिकत्व हवं ते त्याने निवडावं, आणि कसत असलेली जमीन त्याच्याकडे राहावी, असं त्यात लिहिलं. कागदपत्रं हातात पडायला त्यापुढेही अनेकांची बरीच वर्षं गेली.